नाचणीची भाकरी आणि वाढते वजन

गोमंतकाच्या सत्तरी, सांगे, केपे आणि काणकोण या डोंगराळ तालुक्यांत नाचणी हे एके काळी घरोघरचे धान्य होते. सखल भागातील खाजन जमिनीत भात पिके, तर डोंगरउतारावरील मोरड जमिनीत आणि कुमेरीच्या शेतीत नाचणी पिकत असे. घरातील भात संपत आला की नाचणीच्या भाकरीवर आणि आंबिलीवर कुटुंबे दिवस काढीत. पुढे वनकायद्यांच्या अंमलबजावणीमुळे कुमेरी मागे पडली, रास्त भावाच्या दुकानांतून तांदूळ आणि गहू सर्वत्र मिळू लागले आणि ‘गरिबाचे काळे धान्य’ म्हणून हिणवली गेलेली नाचणी ताटातून हळूहळू नाहीशी झाली. अलीकडे मात्र ती परतली आहे. शहरातील दुकानांत आता ती आकर्षक वेष्टनात मिळते आणि ‘वजन कमी करणारे धान्य’ म्हणून तिची ख्याती सांगितली जाते.

ही ख्याती कितपत खरी आहे, हे समजून घेणे आवश्यक आहे. कारण अर्धवट समजुतीने केलेला आहारातील बदल अनेकदा व्यर्थ जातो, आणि मग दोष धान्याला दिला जातो. वजन उतरविण्याच्या कामी नाचणीचे साहाय्य निश्चित होते. परंतु त्यासाठी ती कोणत्या रूपात खावी, किती खावी आणि मुख्य म्हणजे कशाच्या ऐवजी खावी, या तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. त्या कोणत्या व का, हे स्पष्ट करणे हा या लेखाचा हेतू आहे.

प्रश्नाचे गांभीर्य

स्थूलता हा केवळ रूपाचा किंवा चेष्टेचा विषय नाही. मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार यांचा ती मार्ग मोकळा करते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने २००८ ते २०२० या काळात देशभरात एक विस्तृत पाहणी करण्यात आली. तीत वीस वर्षे व त्यावरील वयाच्या १ लाख १३ हजारांहून अधिक व्यक्तींची तपासणी झाली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार देशातील ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह असल्याचे आढळले. गोव्यात हे प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे पाहणीतील सर्व राज्यांत सर्वाधिक होते. चार प्रौढांमागे एकाहून अधिक, असा याचा सरळ अर्थ होतो. २०१९-२१ मधील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही गोव्यातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी एकतृतीयांशाहून अधिक स्त्रियांचे वजन उंचीच्या मानाने जास्त असल्याचे दिसून आले.

आपले वजन योग्य आहे किंवा नाही, हे घरच्या घरी पाहता येते. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावे. येणारा आकडा २३ च्या वर असल्यास वजन जास्त समजावे आणि तो २५ किंवा त्याहून अधिक असल्यास स्थूलता आहे असे समजावे. भारतीयांच्या शरीररचनेचा विचार करून हे निकष पाश्चात्त्य निकषांपेक्षा कडक ठेवण्यात आले आहेत. उदाहरणार्थ, १६० सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीचे वजन सुमारे ५९ किलोपर्यंत असावे. ते ६४ किलो झाल्यास ती स्थूलतेच्या सीमेवर पोहोचते. याहून सोपी कसोटी कमरेच्या घेराची आहे. पुरुषांचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा. पोटाभोवती साठणारी चरबी शरीराला अधिक घातक असते. म्हणून हातपाय सडसडीत असूनही पोट सुटलेल्या व्यक्तीने निश्चिंत राहू नये.

धान्याचा प्रवास

नाचणी मूळची पूर्व आफ्रिकेतील डोंगराळ प्रदेशाची. इथिओपिया व युगांडाच्या परिसरातील शेतकऱ्यांनी ती प्रथम लागवडीखाली आणली आणि फार प्राचीन काळी ती भारतात पोहोचली. कर्नाटकात तिला रागी म्हणतात, तर नाशिककडील डोंगरपट्ट्यात आणि डांग भागात ती नागली या नावाने ओळखली जाते. हाताची बोटे आत वळवावीत तशी तिची कणसे दिसतात. हलक्या, जांभ्या दगडाच्या जमिनीत आणि उतारावर ती तग धरते. भाताप्रमाणे तिला साचलेले पाणी लागत नाही. तिच्या बारीक, टणक दाण्याला कीड सहसा लागत नसल्याने नीट वाळविलेली नाचणी कित्येक वर्षे टिकते. दुष्काळाची बेगमी म्हणून पूर्वीचे लोक तिच्यावर विसंबत, ते यामुळेच.

या धान्यांचे महत्त्व शासनाच्या स्तरावरही मान्य झाले आहे. नाचणी, ज्वारी, बाजरी, वरी आदी धान्यांना केंद्र शासनाने २०१८ मध्ये ‘पोषक धान्ये’ म्हणून घोषित केले, आणि भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले.

दाण्यात काय आहे?

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांच्या पृथक्करणाची कोष्टके प्रसिद्ध केली. त्यांनुसार १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३२० उष्मांक, ७ ग्रॅम प्रथिने, जेमतेम २ ग्रॅम स्निग्धांश आणि ११ ग्रॅमहून थोडे अधिक तंतू म्हणजे चोथा असतो. कॅल्शियम ३६४ मिलिग्रॅम आणि लोह सुमारे साडेचार मिलिग्रॅम असते. तेवढ्याच वजनाच्या सडलेल्या पांढऱ्या तांदळात सुमारे ३५५ उष्मांक असतात. मात्र चोथा ३ ग्रॅमहूनही कमी आणि कॅल्शियम केवळ साडेसात मिलिग्रॅम असते. आपल्याकडील उकड्या तांदळात चोथा किंचित जास्त, म्हणजे पावणेचार ग्रॅमच्या आसपास असतो.

या आकड्यांवरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, चोथ्याच्या बाबतीत नाचणी तांदळाच्या तिप्पट-चौपट सरस आहे. दुसरी गोष्ट मात्र जाहिरातींत सहसा सांगितली जात नाही. उष्मांकांच्या बाबतीत नाचणी व तांदूळ यांच्यात फारसे अंतर नाही. १०० ग्रॅममागे अवघ्या तीस-पस्तीस उष्मांकांचा हा फरक आहे. नाचणी हे शेवटी धान्यच आहे आणि पोटभर खाल्ल्यास तेही अंगी लागते. तेव्हा तिचा उपयोग तिच्यातील कमी उष्मांकांत शोधू नये. तिच्यामुळे आपण एकूण किती खातो यात जो बदल घडतो, त्यात तो शोधावा.

तांदळापेक्षा नाचणीत इतका चोथा का, याचे कारण दाण्याच्या रचनेत आहे. नाचणीचा दाणा मोहरीएवढा. दाणा जितका लहान, तितके त्याच्या गराच्या मानाने साल जास्त. शिवाय हे तांबूस साल आतील गराला इतके घट्ट चिकटलेले असते की, तांदळाप्रमाणे ते सडून वेगळे करता येत नाही. त्यामुळे नाचणी सालासकट दळावी लागते आणि चोथा पिठातच राहतो. भाकरीला जो काळपट तांबडा रंग येतो, तो या सालातील द्रव्यांमुळे. ज्या रंगामुळे नाचणी हिणकस ठरविण्यात आली, तोच तिच्या गुणाची खूण आहे.

येथे एक खुलासा करणे उचित ठरेल. गव्हाच्या कोंड्यासकट दळलेल्या कणकेतही १०० ग्रॅममागे जवळजवळ एवढाच चोथा असतो. ज्वारीत व बाजरीतही तो १० ते ११ ग्रॅमच्या घरात असतो. वडोदरा, इंदूर किंवा बेळगाव परिसरातील ज्या कुटुंबांत ज्वारी-बाजरीची भाकरी अथवा न चाळलेल्या कणकेची पोळी आजही रोज होते, त्यांनी नाचणीसाठी धडपडण्याचे कारण नाही. परंतु ज्या घरी दोन्ही वेळचे जेवण भाताभोवती फिरते, त्या गोव्यातील व कोकणातील घरांना नाचणीचे मोल विशेष आहे. ती याच मातीत पिकते, तिची चव नवी नाही आणि कॅल्शियमच्या बाबतीत तर दुसरे कोणतेही नित्याचे धान्य तिच्या जवळपास येत नाही.

चोथ्याचे कार्य

चोथा म्हणजे वनस्पतिजन्य अन्नाचा असा भाग की, जो आपल्या जठरातील व लहान आतड्यातील पाचकरसांनी विरघळत नाही. तो पचत नाही म्हणून निरुपयोगी आहे, अशी समजूत दीर्घकाळ होती. ती बदलण्यास ज्या शास्त्रज्ञांचे लेखन कारणीभूत झाले, त्यांत युगांडात अनेक वर्षे सेवा केलेले शल्यचिकित्सक डेनिस बर्किट यांचे नाव अग्रभागी आहे. चोथायुक्त अन्न खाणाऱ्या आफ्रिकेतील ग्रामीण जनतेत बद्धकोष्ठ, मधुमेह, स्थूलता यांसारख्या पाश्चात्त्य देशांत सर्रास आढळणाऱ्या तक्रारी क्वचित दिसतात, याकडे त्यांनी व त्यांचे सहकारी ह्यू ट्रॉवेल यांनी १९७० नंतरच्या दशकात जगाचे लक्ष वेधले.

वजनाच्या दृष्टीने चोथा तीन प्रकारे साहाय्य करतो. एक म्हणजे, चोथायुक्त अन्न चावून खावे लागते. नाचणीची भाकरी भाताप्रमाणे भरभर गिळता येत नाही. जेवण सावकाश झाले की पोट भरल्याची जाणीव वेळेवर होते आणि अधिकचा घास घेतला जात नाही. दुसरे असे की, चोथा पाणी धरून ठेवतो, अन्नाचे आकारमान वाढवितो आणि त्यामुळे भूक लवकर लागत नाही. सकाळी भाकरी खाऊन शेतावर गेलेल्या माणसाला दुपारपर्यंत आधार वाटतो, हा अनुभव याच कारणाने येतो. तिसरे म्हणजे, चोथ्याचा काही भाग मोठ्या आतड्यातील उपकारक जंतूंचे अन्न बनतो. त्यांच्या क्रियेतून निर्माण होणारी आम्ले आतड्याच्या आरोग्यास पोषक असतात. शिवाय नाचणीच्या सालातील काही द्रव्ये पिष्टमय पदार्थ पचविणाऱ्या पाचकरसाची गती मंद करतात, असे प्रयोगशाळेतील अभ्यासांत दिसून आले आहे.

प्रौढ व्यक्तीच्या आहारात दररोज किमान २५ ग्रॅम चोथा असावा, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये केली आहे. दोन्ही वेळा पांढरा भात, पातळ आमटी आणि मध्ये बिस्किटे किंवा पाव असा ज्यांचा आहार आहे, त्यांना हा आकडा गाठणे कठीण जाते. ८० ग्रॅम पिठाच्या दोन लहान भाकऱ्यांतून सुमारे ९ ग्रॅम चोथा मिळतो. उरलेला भाग कडधान्ये, पालेभाज्या आणि फळे यांतून सहज भरून निघतो.

वजनाचा हिशेब

समजा, एखादी व्यक्ती रात्रीच्या जेवणात १५० ग्रॅम उकड्या तांदळाचा भात खाते. त्यातून तिला सुमारे ५२५ उष्मांक आणि साडेपाच ग्रॅम चोथा मिळतो. त्याऐवजी तिने ८० ग्रॅम पिठाच्या दोन नाचणीच्या भाकऱ्या खाल्ल्या, तर सुमारे २५५ उष्मांक आणि ९ ग्रॅम चोथा मिळेल. उष्मांक जवळजवळ निम्म्याने उतरले आणि चोथा मात्र वाढला. सोबत वाटीभर मुगागाठी किंवा अळसांद्याची उसळ आणि तांबडी भाजी असल्यास पोट रिकामे वाटत नाही.

रोज २७० उष्मांकांची ही बचत महिन्याकाठी आठ हजारांच्या घरात जाते. शरीरातील एक किलो चरबी म्हणजे ठोकळमानाने ७,७०० उष्मांक. म्हणजे कागदावरील हिशेबाने महिन्याला एक किलो वजन उतरावयास हवे. प्रत्यक्षात ते याहून कमी उतरते, कारण वजन घटू लागले की शरीरही आपला खर्च कमी करते आणि जेवणाबाहेरचे खाणे हिशेबात येत नाही. तरीसुद्धा महिन्याला अर्धा किलो या संथ गतीने सहा महिन्यांत तीन किलो वजन उतरले, तरी ते उपकारकच ठरते. स्थूल व्यक्तीने आपल्या वजनाच्या पाच टक्के वजन घटविले तरी रक्तातील साखर आणि रक्तदाब यांत सुधारणा होऊ लागते. सत्तर किलो वजनाच्या मनुष्यास पाच टक्के म्हणजे केवळ साडेतीन किलो.

आता याच्या उलट बाजू पाहू. तीच व्यक्ती १५० ग्रॅम तांदळाऐवजी १५० ग्रॅम नाचणी खाऊ लागली, तर बचत पन्नास उष्मांकांचीही होणार नाही. आणि नेहमीचा भात तसाच ठेवून वर ‘आरोग्यासाठी’ म्हणून दोन भाकऱ्या किंवा पेलाभर गोड पेज तिने सुरू केली, तर वजन वाढेल. नाचणीने गुण आला नाही, अशी तक्रार करणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या बाबतीत हेच घडलेले असते. नाचणी भाताच्या जोडीला नको, भाताच्या जागी हवी.

संशोधन काय सांगते?

हैदराबादनजीक पाटणचेरू येथील इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या पुढाकाराने भरड धान्यांवरील पूर्वीच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात १९ अभ्यासांतील सुमारे ९०० व्यक्तींची माहिती एकत्र करण्यात आली होती. दररोज ५० ते २०० ग्रॅम भरड धान्ये तीन आठवडे ते चार महिने खाल्ल्यावर रक्तातील कोलेस्टेरॉलचे प्रमाण सुमारे ८ टक्क्यांनी घटल्याचे आणि जास्त वजनाच्या व्यक्तींचा उंची-वजनाचा निर्देशांक सुमारे ७ टक्क्यांनी खाली आल्याचे त्यात नमूद आहे.

हे निष्कर्ष उत्साहवर्धक आहेत. परंतु त्यांचा अर्थ संयमाने लावला पाहिजे. हे अभ्यास लहान गटांवर व थोड्या कालावधीत झालेले आहेत आणि त्यांत नाचणीबरोबर इतरही भरड धान्ये होती. शिवाय, पूर्वीची माणसे नाचणी खाऊन सडपातळ राहत, असे म्हणताना ती दिवसभर डोंगर चढत-उतरत, पाणी वाहून आणीत आणि जात्यावर दळीत, हेही विसरता येत नाही. नाचणी आणि श्रम यांची ती जोडी होती. त्यांपैकी एकच उचलून दुसऱ्याचे फळ मिळणार नाही. दररोज अर्धा तास भरभर चालणे हा या आहाराचाच एक भाग मानावा.

कोणत्या रूपात खावी?

एकाच नाचणीचे भिन्न पदार्थ शरीरावर भिन्न परिणाम करतात. वजन कमी करू इच्छिणाऱ्याने ही निवड विचारपूर्वक केली पाहिजे.

भाकरी हा सर्वांत उत्तम प्रकार. पीठ फार बारीक दळू नये आणि चाळू तर मुळीच नये. नाचणीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. म्हणून पाणी उकळून, त्यात चिमूटभर मीठ व पीठ घालून उकड काढावी, ती गरम असतानाच चांगली मळावी आणि भाकरी थापावी. तेलाची आवश्यकता नाही. नवशिक्याने आरंभी थोडे तांदळाचे पीठ मिसळले तरी चालेल. हात बसला की ते कमी करीत जावे.

आंबील हा दुसरा चांगला प्रकार. दोन-तीन चमचे पीठ रात्री पाण्यात कालवून ठेवावे, सकाळी शिजवावे आणि निवल्यावर त्यात ताक, मीठ व जिरे घालून प्यावे. रात्रभर आंबल्यामुळे सालातील जी द्रव्ये लोह व कॅल्शियम यांना धरून ठेवतात त्यांचे प्रमाण कमी होते आणि ही क्षारद्रव्ये शरीरास अधिक मिळतात. उन्हाळ्यात सकाळच्या पेजेऐवजी आंबील घेणे इष्ट. मात्र पातळ पेय भाकरीइतका वेळ पोटात टिकत नाही. तेव्हा त्यासोबत मोड आलेले मूग किंवा एखादे फळ असावे.

तिजान हा गोमंतकातील सर्व समाजांचा आवडता पदार्थ आहे. नाचणी, गूळ आणि नारळाचा रस यांचा तो मिलाफ. चव अप्रतिम, यात शंका नाही. परंतु वाटीभर तिजानात ३० ग्रॅम गूळ असल्यास त्या गुळाचेच शंभराहून अधिक उष्मांक होतात. त्यात नारळाच्या रसातील स्निग्धांशाची भर पडते. कष्टकऱ्यास, वाढत्या मुलास किंवा अशक्त मनुष्यास तो योग्य आहे. वजन उतरविणाऱ्याने तो सणासुदीपुरता ठेवावा.

सत्त्वाबद्दल विशेष गैरसमज आहे. नाचणी भिजवून, वाटून, वस्त्रातून गाळून त्याचे सत्त्व काढतात. गाळताना वस्त्रावर जो चोथा राहतो, तोच तर आपल्याला हवा असतो. सत्त्व पचनास हलके म्हणून लहान बाळांना आणि आजाऱ्यांना ते द्यावे. स्थूल किंवा मधुमेही व्यक्तीने त्यावर भिस्त ठेवू नये. मोड आणून, भाजून केलेल्या पिठाची पेजही लवकर पचते. मोड येताना दाण्यातील पिष्टाचे साखरेत रूपांतर सुरू झालेले असते. अतिशय बारीक पिठाची शिजविलेली लापशी रक्तातील साखर त्वरेने वाढवू शकते, हे मधुमेहींनी लक्षात ठेवावे.

बाजारात मिळणारी नाचणीची बिस्किटे, शेवया, लाडू यांच्या वेष्टनावरील घटकांची यादी वाचल्याशिवाय ते घेऊ नयेत. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापण्याचा नियम आहे. मैदा, साखर किंवा तेल यांची नावे नाचणीच्या आधी असतील, तर तो पदार्थ नाचणीचा नसून नाचणीच्या नावाचा आहे, असे समजावे.

आरंभ कसा करावा?

एकदम मोठा बदल करू नये. चोथ्याची सवय नसलेल्या पोटात तो अकस्मात वाढविल्यास वायू धरणे, पोट फुगणे असे त्रास होतात. पहिल्या आठवड्यात दोन-तीन वेळा रात्री एक भाकरी, दुसऱ्या आठवड्यात एक दिवसाआड आणि त्यानंतर रोज रात्री, अशी पायरी ठेवावी. दिवसभरात पाणी पुरेसे प्यावे, अन्यथा चोथ्यामुळे बद्धकोष्ठ दूर होण्याऐवजी वाढते. दुपारी हुमण-भात नित्याचाच असावयास हरकत नाही. भाताची वाटी मात्र मोजून घ्यावी.

भाकरीसोबत काय असावे, यालाही महत्त्व आहे. कुळथाचे पिठले, उसळ, पालेभाजी, उकडलेली अगर थोड्या तेलावर केलेली मासळी ही उत्तम. भाजीवर लिंबू पिळावे. त्यातील क जीवनसत्त्वामुळे नाचणीतील लोह शरीरात शोषले जाण्यास साहाय्य होते. याउलट, जेवणाबरोबर अथवा लगेच चहा घेतल्यास त्यात अडथळा येतो. तळलेले पापड, भरपूर नारळाचे वाटप आणि गोड पेये चालूच ठेवली, तर नाचणीने केलेली बचत त्यांतच खर्ची पडते.

कोणी काळजी घ्यावी?

मधुमेहासाठी इन्सुलिन अथवा गोळ्या घेणाऱ्यांनी आहारात मोठा बदल करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. भात एकाएकी कमी केल्यास आणि औषधाची मात्रा तशीच राहिल्यास रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. नाचणी खाल्ली म्हणून औषध स्वतःच्या मनाने बंद करणे तर सर्वस्वी चूक. मूत्रपिंडाचा विकार किंवा मूतखडा असणाऱ्यांनीही वैद्यकीय सल्ल्यानेच प्रमाण ठरवावे. गर्भवती व स्तनदा मातांनी नाचणी अवश्य खावी, ती पोषणासाठी. या काळात वजन उतरविण्याचे प्रयत्न करू नयेत. वजन कारणाशिवाय भराभर वाढत अथवा घटत असेल, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता नजीकच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्यावी.

शिक्षक आणि ग्रामसंस्थांसाठी

हा विषय शाळेत सहज शिकविता येण्याजोगा आहे. एका वर्गात न चाळलेले नाचणीचे पीठ पाण्यात कालवून तलम वस्त्रातून गाळावे आणि वस्त्रावर राहिलेला चोथा मुलांना दाखवावा. शेजारी पांढऱ्या तांदळाचे पीठ त्याच रीतीने गाळावे. दोहोंतील अंतर मुलांच्या दृष्टीस पडले की, कोष्टकातील आकडे पाठ करावे लागत नाहीत. दुसऱ्या दिवशी मुलांनी घरातील वडीलधाऱ्यांकडून नाचणीचे किती पदार्थ त्यांना ठाऊक आहेत, ते विचारून लिहून आणावे. मात्र मुलांच्या वजनाची चर्चा वर्गात करू नये आणि कोणाही मुलाला त्यावरून नाव ठेवू नये. वाढत्या वयातील मुलांनी वजन उतरविण्याचा आहार स्वतःहून घेऊ नये. त्यांना पुरेसे अन्न, चोथा आणि खेळण्यास मैदान यांची गरज आहे.

महिला मंडळे आणि स्वयंसाहाय्य गटांनी भाकरी थापण्याची प्रात्यक्षिके भरविल्यास त्यांचा चांगला उपयोग होईल. नव्या पिढीतील अनेकांना नाचणी आवडत नाही असे नाही. ती रांधण्याची कला मात्र त्यांच्या हातून सुटली आहे. ग्रामसभा, जत्रा, प्रदर्शने अशा प्रसंगी मैद्याच्या पदार्थांबरोबर आंबिलीचा एक माठ ठेवला, तरी आरंभ होऊ शकेल. मागणी वाढली, तर डोंगरउतारावरील लहान शेतकऱ्यालाही पडीक मोरड जमिनीत पुन्हा नाचणी पेरण्यास हुरूप येईल.

नाचणी हे चमत्काराचे धान्य नाही. महिनाभर खाऊन फळ दिसले नाही म्हणून सोडून देण्याचेही ते नाही. रात्रीच्या ताटातील भाताची जागा तिने घेतली, पीठ न चाळता वापरले गेले, सोबतीला भाजी-उसळ राहिली आणि पायांना रोज चालणे घडले, तर काही महिन्यांत कमरेचा घेर आपोआप साक्ष देईल. प्रत्येक कुटुंबाने या आठवड्यापासून निदान एका रात्रीचे जेवण नाचणीच्या भाकरीचे करावे आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला कमरेचा घेर मोजून दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा.